आठला लागणारी मालिका आठलाच का बघावी

अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस, एनबीसी किंवा फॉक्स या मोठ्या टीव्ही नेटवर्कवरची 'एका तासाची' मालिका प्रत्यक्षात 42-43 मिनिटांचीच असते. उरलेला वेळ जाहिरातींचा, आणि पटकथा त्या जाहिरातींच्या जागा धरूनच लिहिलेली असते. लेखक भागाचे पाच-सहा अंक पाडतात आणि प्रत्येक अंक अशा ठिकाणी तोडतात की प्रेक्षकाने रिमोट उचलू नये. संशयिताच्या घराचं दार उघडतं, आत बघून पोलिसाचा चेहरा बदलतो आणि पडदा काळा होतो. आता दोन-तीन मिनिटं थांबायचं. आत काय असेल यावर घरातले सगळे बोलतात, ते याच वेळात.

तोच भाग दुसऱ्या दिवशी स्ट्रीमिंगवर जाहिरातींशिवाय बघा. पडदा काळा होतो आणि निमिषात दार पुन्हा समोर. संगीत उगाचच चढल्यासारखं वाटतं. ब्रेकनंतर एखादं पात्र मघाशी काय झालं ते एका वाक्यात पुन्हा सांगतं. मध्येच टीव्ही लावणाऱ्यासाठी लिहिलेलं ते वाक्य इथे निव्वळ पाल्हाळ होतं. नेटवर्कच्या मालिका भडक आणि बाळबोध असतात अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा ब्रेकसकट भाग बघावा. बऱ्याच वेळा दोष लिखाणाचा नसतो, चुकीच्या पद्धतीने बघण्याचा असतो.

काही कार्यक्रम तर थेट बघितले नाहीत तर वेगळेच होतात. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा स्केचचा, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशांचा, कार्यक्रम 1975 पासून चालू आहे. त्याची रंगीत तालीम त्याच रात्री आठच्या सुमारास प्रेक्षकांसमोर होते, मग काही स्केच गळतात, संवाद बदलतात, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण सुरू होतं. बदल इतके उशिरा होतात की कलाकार मोठ्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहिलेले संवाद वाचत काम करतात. पुढे पुनःप्रक्षेपणात एखाद्या फसलेल्या स्केचच्या जागी कधी कधी तालमीचं चित्रण लावलं जातं. म्हणजे त्या रात्री जे घडलं ते नेमकं तसंच बघायचं तर त्याच रात्री बघायला हवं. 2017 पासून हा कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावरही त्याच क्षणी, तिथल्या साडेआठला दिसतो.

इतर मालिकांचं तसं नाही. पूर्वेकडे रात्री आठला लागलेला भाग मध्य विभागात त्याच वेळी, पण तिथल्या घड्याळात सातला दिसतो. पॅसिफिक विभागात मात्र तो तीन तासांनी, तिथल्या आठला लागतो. तिथे राहणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतर फोनपासून लांब राहावं, विशेषतः हंगामाच्या शेवटच्या भागाच्या दिवशी. 'ईआर' या रुग्णालयावरच्या मालिकेच्या कलाकारांनी 1997 मध्ये एक भाग थेट सादर केला, तेव्हा याच अंतरामुळे तो एकाच रात्री दोनदा केला: आधी पूर्वेसाठी, मग पश्चिमेसाठी.

थेट बघायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे साधा अँटेना. एकदा घेतला की महिन्याचा खर्च नाही, आणि इंटरनेटवरचं 'लाइव्ह' चित्र अँटेनापेक्षा बहुतेक वेळा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे असतं. शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो तो त्यामुळेच.

अँटेना लावताना फसगत होते ती चॅनेलच्या आकड्यावरून. टीव्हीवर 7.1 दिसतं म्हणून ते केंद्र सातव्या चॅनेलवरूनच प्रक्षेपण करतं असं नाही. खरा चॅनेल 2 ते 13 मधला, म्हणजे व्हीएचएफ, आहे की 14 ते 36 मधला, म्हणजे यूएचएफ, ते एफसीसीच्या, म्हणजे प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरच्या नकाशात पत्ता टाकून आधी बघून घ्या. खिडकीला चिकटवायचे पातळ, सपाट अँटेना यूएचएफ नीट पकडतात, पण व्हीएचएफवर बहुतेक कमी पडतात. तिथे लांब दांड्यांचा अँटेना लागतो. धातूचा लेप असलेली काच किंवा जाळी सिग्नल अडवते. जवळचा एखादा एलईडी दिवाही व्हीएचएफ बिघडवू शकतो. दिवा बंद करून बघा, लगेच कळेल.

डिजिटल चित्राला पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. सिग्नल पुरेसा असेतो चित्र स्वच्छ, आणि जरा कमी पडला की चौकोन होऊन सगळंच थिजतं. म्हणून अँटेना फूटभर सरकवायचा, टीव्हीच्या सेटिंगमधला सिग्नलचा आकडा बघायचा आणि जागा पक्की झाली की नव्याने स्कॅन करायचं. एका अँटेनावर दोन टीव्ही जोडणारा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त, सिग्नल खातो. त्यावर लगेच अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. प्रक्षेपणाचे मनोरे जवळ असतील तर टीव्हीतला ट्यूनर जास्त सिग्नलने गुदमरतो आणि होते ते चॅनेलही जातात.

'थेट बघा, नाहीतर मालिका बंद पडेल' हे आवाहन मात्र अर्धंच खरं आहे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत तुमचं घर नसेल तर अँटेनावर तुम्ही काय बघता ते त्या आकड्यांत येत नाही. ज्यांचं मोजलं जातं, त्यांच्या बाबतीत 2007 पासून जाहिरातींचे सौदे 'सी-थ्री' या आकड्यावर होऊ लागले: तीन दिवसांच्या आत बघितलेल्या जाहिरातींची मिनिटं. रेकॉर्ड करून जाहिराती पळवल्या तर ती मिनिटं त्यात धरली जात नाहीत.

रेकॉर्ड करणारच असाल तर शरद ऋतूतल्या रविवारी सीबीएसवर शेवटी तासभर जादा वेळ ठेवा. अमेरिकन फुटबॉलचा सामना लांबला की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं आणि रेकॉर्डिंग ऐन उलगड्याच्या आधी संपतं. सामना आता मधेच तोडत नाहीत, त्यामागे 17 नोव्हेंबर 1968 ची रात्र आहे. एनबीसीने सात वाजताच 'हायडी' हा चित्रपट लावण्यासाठी जेट्स-रेडर्स सामना पूर्वेकडच्या प्रेक्षकांसाठी तोडला, आणि नेमक्या शेवटच्या मिनिटात रेडर्सनी दोन टचडाउन करून तो 43-32 असा जिंकला.