तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवर सोलर, तळघरात अंधार

अलिबागहून, ठाण्याहून फोन आला की तोच प्रश्न : "गच्चीवर सोलर आहे ना, मग त्या दिवशी मिक्लातमध्ये अंधार कसा?" मिक्लात म्हणजे हल्ल्याच्या वेळी सगळ्यांनी लपायचा निवारा.

इस्रायलमधल्या अश्दोद शहरातली आमची इमारत जुनी. 1991च्या आखाती युद्धानंतरच्या घरांत असतो तसा ममाद, म्हणजे घरातलीच भक्कम सुरक्षित खोली, आमच्याकडे नाही. सगळ्यांना मिळून तळघरातलं एक मिक्लात. गच्चीवरचं सोलर ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेलं आहे. बाहेरची वीज गेली की ते भर उन्हातही आपणहून बंद पडतं, नाहीतर तारेवर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. तुमचं महावितरणच्या नेट मीटरवरचं सोलरही असंच.

मी 30 वर्षं वायरिंग केलंय. मला हे माहीत होतं. तरी मीटिंगमध्ये मीच म्हणालो, "दहा मिनिटं तर खाली बसायचं, बॅटरी कशाला?" गाझाच्या रॉकेटांच्या वेळी दहाच मिनिटं सांगायचे. तेव्हा मी चुकलो नव्हतो, असं मला अजूनही वाटतं. मग रात्री झोप का लागत नाही?

23 जून 2025ची सकाळ. इराणची क्षेपणास्त्रं, सायरनवर सायरन. दक्षिणेत वीजयंत्रणेजवळ एक पडलं आणि दिवे गेले. मावशीचं ऑक्सिजनचं मशीन एकदा जोरात ओरडलं आणि थांबलं. सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर. मोबाइलच्या उजेडात मावशीचे ओठ निळसर दिसत होते. मी वर जातो म्हणेपर्यंत माझी लेक जिन्यात पोचलीसुद्धा. मी ओरडलो, "थांब!" पण दार सोडून तिच्यामागे गेलो नाही. वर धडाका झाला, भिंत हादरली. मी पायऱ्या मोजत उभा. ती सिलिंडर मिठीत धरून आली, तेव्हा तिला जवळ घ्यायचं सोडून मी तिच्यावरच चिडलो.

आता खाली दोन किलोवॅट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. मशीन साडेतीनशे वॅट घेतं, म्हणजे जेमतेम पाच तास. दिव्यांना वेगळी छोटी बॅटरी. सिलिंडर कायम खालीच.

जनरेटर का नाही? त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, बंद तळघरात माणसं बसल्या जागी जातील. अंगणात ठेवा म्हणता, पण सायरन चालू असताना तो सुरू करायला बाहेर कोण जाणार?

लेक म्हणते, "मी जाईन." त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.