तुम्ही विचारलंत म्हणून: दत्तक घेण्याचं ‘बरोबर’ कारण कोणतं?

मूल दत्तक देण्याआधी आम्ही समाजसेवक घरी जाऊन कुटुंबाशी बोलतो, ती होम स्टडी. तिची तारीख ठरली की जोडप्यांचा फोन येतो. “का घेताय असं विचारतील, तेव्हा काय सांगायचं? मूल होत नाही म्हणून, हे चालतं ना?”

चालतं. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं कारण तेच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ‘एका अनाथ जीवाचं भलं करायचंय’ एवढंच ऐकलं, तर मात्र आमची बैठक लांबते.

उपकार म्हणून आणलेल्या मुलाकडून नकळत परतफेड मागितली जाते. समजा, पाच वर्षांचं मूल घरी आलं आणि आठवडाभरात त्याच्या उशीखाली अर्धी पोळी नि बिस्किटं सापडली. पुढचं जेवण मिळेलच असा भरवसा ज्याला कधी नव्हता, ते मूल साठवणारच. ‘आम्हाला मूल हवं होतं’ म्हणणारे बिस्किटांचा डबा त्याच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवतात. भलं करायला निघालेले म्हणतात, “एवढं सगळं देऊनही चोरी करतो!”

दुसरा प्रश्न मूल होण्यासाठीच्या उपचारांचा. लहान बाळासाठी तीनेक वर्षं थांबावं लागतं, म्हणून कारामध्ये (दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत) नोंदणी करून आयव्हीएफही चालू ठेवणारे पुष्कळ. त्याला आमची हरकत नाही. पण न झालेल्या बाळाचं दुःख तोवर बोलून झालेलं हवं. नाहीतर ते रेफरलच्या, म्हणजे मूल सुचवलं जातं त्या दिवशी वर येतं. मुलाचा फोटो, वैद्यकीय अहवाल आणि माहिती समोर येते, मूल राखून ठेवायला 48 तास असतात, आणि चर्चा चालते रंगाची, नाकाची. समोरच्या बाळाची तुलना मनातल्या बाळाशी चाललेली असते. गेलेल्या मुलाचंच नाव नव्याला ठेवायचं ठरवलेलं असेल, तर आम्ही समुपदेशन झाल्याशिवाय पुढे जात नाही.

नवराबायकोशी वेगवेगळं बोलतो ते यासाठीच. “हिची फार इच्छा आहे” हे वाक्य नवऱ्याकडून आलं, की विचारतो, रात्री दोनला ताप चढला तर कोण उठणार? (दत्तक घेतलं की पोटचं होतं, हा मावशी-काकूंचा सल्ला आम्हालाही पाठ आहे. एखादीला दिवस जातातही, पण ते दत्तकामुळे नव्हे. आणि मग पहिल्याचं काय?)

जुनं दत्तकविधान वंशासाठी, पिंडासाठी होतं, म्हणून मुलगाच लागे. 1956च्या कायद्याने हिंदू कुटुंबांना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि आता मुलीच जास्त दत्तक जातात. छानच. फक्त ‘मुलगी म्हातारपणी बघते’ हे कारण आम्हाला वंशाच्या दिव्याचंच भावंड वाटतं.

तेव्हा कारण खरं ते सांगा, घर फार आवरू नका. आम्ही बघतो ते आजी-आजोबांना ठाऊक आहे का, आणि मुलाला कधी सांगणार. ‘मोठं झाल्यावर’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. दत्तक हा शब्द त्याच्या कानावर पाळण्यापासून पडायला हवा, कारण बाराव्या वर्षी जिन्यात शेजारीण सांगते तेव्हा ते आधी विचारतं, “आणखी काय लपवलंत?”