तुम्ही विचारलंत म्हणून: शिंपले विरघळतात का?

गावी गेले की पहिला प्रश्न जेवणाचा आणि दुसरा हा: "समुद्राचं ऍसिड होतंय म्हणे, मग तुझे ते शिंपले विरघळतात का?" लग्नाच्या पंगतीत, चोपडा बसस्टँडवर, एकदा तर बँकेच्या रांगेत विचारून झालंय. मी कालवांवर काम करते, म्हणजे कोकणात खाडीच्या खडकांना चिकटून वाढतात ते शिंपले. (आमच्याकडे कालव म्हटलं की लोकांना कालवण आठवतं, म्हणून मीही शिंपलेच म्हणते.) आजवर "नाही हो, तसं नसतं" म्हणून सुटत आले. परवा नानांनी, माझ्या चुलत्यांनी विचारलं तेव्हा मात्र सुटता येईना, कारण नाना केळीतलं ड्रीप, म्हणजे ठिबकच्या नळ्या, फ्लश करत होते.

आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार इतका की ड्रीपरची तोंडं पांढरी होऊन बुजतात. मग व्हेंचुरीतून (नळीत औषध ओढून घेणाऱ्या तोटीतून) ऍसिड सोडायचं, नळीतल्या पाण्याचा सामू (pH; सातच्या खाली गेला की पाणी आंबट) चारपर्यंत उतरला की संच चोवीस तास बंद ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी लॅटरलची, म्हणजे झाडांजवळच्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून पाणी सोडून द्यायचं. आधी दुधासारखं पाणी येतं, तळाला पांढरा गाळ. नानांनी तो गाळ चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि म्हणाले, "मंग त्या शिंपा बी आश्याच इरघळतस का वं?"

प्रश्न अगदी रास्त होता. ड्रीपरमधला क्षार आणि शिंपल्याचं कवच, दोन्ही मुळात एकच: कॅल्शियम कार्बोनेट. लहानपणी आजी तापीतल्या शिंपल्याने धाकट्या भावाला दूध पाजायची, ते शिंपलंही त्याचंच.

पण समुद्राचं ऍसिड झालेलं नाही. समुद्राच्या वरच्या थराचा सामू आज सरासरी ८.१ आहे. माती परीक्षणाच्या कागदावर आमच्या काळ्या जमिनीपुढे साधारण तेवढाच आकडा असतो, आणि त्या जमिनीला कुणी आंबट म्हणत नाही. कारखानदारीच्या आधी समुद्राचा सामू ८.२ च्या घरात होता. घसरण ०.१ ची. ऐकायला काहीच नाही, पण सामूची पट्टी फसवी आहे: एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट. त्या हिशोबाने ०.१ म्हणजे २५ ते ३० टक्के वाढ. हवेत दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे, आणि आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. खान्देशाला समुद्र नाही हे खरं. पण भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत, आणि त्यातून निघणारं सगळं कुठे जातं हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

आता नानांचं ड्रीप इथे कामाचं राहत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. समुद्रात शिंपल्यावर ऍसिड ओतलं जात नाही, त्याचा बांधकामाचा माल पळवला जातो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरला की कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून सुटणारा हायड्रोजन पाण्यातल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतो आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. कवच बांधायला लागतं ते नेमकं हे कार्बोनेट. माल कमी म्हणजे बांधकाम महाग. मोठं कालव हा खर्च बऱ्यापैकी सोसतं. कळ लागते ती पिल्लाला.

नानांना हे सरकीवरून पटकन कळलं. सरकी लावली, पाऊस पडला आणि वरून जमिनीने पपडी धरली तर काय होतं? बी मेलेलं नसतं. आत कोंब असतो, दळांत साठा असतो. पण पपडी फोडण्यातच साठा संपतो आणि बी मातीखालीच राहतं. मग नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावा. कालवाचं तसंच आहे. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. फळलेल्या अंड्यातून एक-दोन दिवसांत कवच असलेलं पिल्लू तयार व्हावं लागतं, आणि तेवढ्या काळात त्याला धड खाताही येत नाही. सगळा खर्च अंड्यातल्या साठ्यावर. त्यात हे पहिलं कवच ॲरॅगोनाइटचं, म्हणजे मोठ्या कालवाच्या कवचापेक्षा लवकर विरघळणाऱ्या प्रकारचं.

सूक्ष्मदर्शकाखाली हे पिल्लू मोडलेल्या अर्ध्या भाकरीसारखं दिसतं: एक बाजू सरळ, एक गोल. सरळ बाजू म्हणजे बिजागरी. धड पाण्यातली पिल्लं बशीत गरगर फिरत असतात, नजर ठरत नाही. कार्बोनेट कमी असलेल्या पाण्यातल्या पुष्कळांची बिजागरी मधोमध आत दबलेली असते, आकार लहान, कवच नीट मिटत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माझ्याकडूनच काचेखाली चेंगरली. तीन बशा पुन्हा लावल्या. तशीच.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉनमध्ये, कालवांचं बी तयार करणाऱ्या हॅचरीत २००७-०८ च्या सुमारास पिल्लं टाक्याच्या टाक्या मरू लागली. आधी संशय जिवाणूंवर गेला. मग लक्षात आलं की वारा एका दिशेने वाहिला की खोल समुद्राचं पाणी वर येतं आणि तेच टाकीत जातं. ते पाणी हवेला शेवटचं शिवलं त्याला काही दशकं झालेली, आणि खाली मेलेलं कुजून कुजून त्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला. आपल्याकडे खोल बोअरला जुनं पाणी लागतं, तशातला प्रकार. त्यांनी उपाय काय केला? पाणी सतत मोजायला लागले. टाक्या दुपारी भरू लागले, कारण दिवसभर उन्हात खाडीतलं गवत कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट घालू लागले. म्हणजे धुण्याचा सोडा!

आपल्या खाड्यांत गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. तिथे भरती-ओहोटीत, दिवसरात्रीत सामू ०.१ हून कितीतरी जास्त हलतो, पावसाळ्यात गोडं पाणी घुसलं की विचारूच नका. म्हणून एकदा पट्टी बुडवून "समुद्र आंबटला" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. महिनोन्‌महिने, रात्री-अपरात्री ओहोटी गाठून पाणी मोजायचं, हेच माझं काम. घरच्यांना ते नोकरीसारखं वाटत नाही.

नाना सोड्याशीच अडकले होते. "टाकीले किती सोडा लागस?" मी टाकीचं माप विचारून हिशोब सांगितला, म्हटलं दर वेळी पाणी मोजूनच घालायचा. त्यांनी मान हलवली.

"आन समुद्रले?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात लाइट गेली. मोटर थांबली, नळीतलं पाणी बारीक होत होत बंद पडलं. अजून दोन सबमेन फ्लश व्हायच्या होत्या. थ्री फेज आता रात्रीच येणार म्हणत नाना स्टार्टरकडे निघाले.