भोगीच्या भाजीचं सामान

13 जानेवारी, भोगी

आज सकाळी साडेसातला बडोद्याचं खंडेराव मार्केट. सयाजीरावांच्या काळातल्या त्या देखण्या इमारतीत महापालिकेचा कारभार चालतो. तिच्या मागं फुलांचा नि भाजीचा बाजार. एरवी मी दारावरच्या लारीवरून भाजी घेते, पण भोगीचं सामान मार्केटमधूनच आणायचं हा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नेम. आता तो माझाही झालाय.

तुरीच्या शेंगा किलोभर घेतल्या. पापडी, ओल्या हरभऱ्याच्या दोन जुड्या, लिंबाएवढी काटेरी वांगी, लाल गाजरं, बोरं, उसाचं एक कांडं. हिरवा लसूण पाहिला आणि हात आपोआप तिकडं गेला, आज लागणार नव्हता तरी. आणि एक मोठा जांभळा कंद.

या कंदाशी माझी जुनी ओळख आहे. साताऱ्याहून लग्न होऊन आले, त्या वर्षी एकादशीला मी भाजीवालीकडं रताळी मागितली. तिनं हा मातीनं माखलेला, वेडावाकडा कंद तराजूत टाकला. गुजरातीत रतालु म्हणजे कोनफळ, आणि आपलं रताळं म्हणजे शक्करियुं. आईंनी तो कंद पाहिला, काही न बोलता साल काढली, तुपात जिऱ्यावर परतला, वरून मिरपूड नि सैंधव. आतला तो जांभळा रंग मी तोवर कुठल्याच भाजीत पाहिला नव्हता. तेव्हापासून हिवाळ्यात कंद घरात असतोच.

दहा वाजता गच्चीवर उन्हात बसलो. उत्तरायण उद्या, पण पतंग आजच आभाळभर. आईंच्या पुढ्यात सूप, माझ्या मांडीवर परात. वर्षभरात मला सगळ्यात आवडणारं काम हे. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ती बारीक आवाज करून उघडते. तुरीचे दाणे हिरवे, काहींवर जांभळट झाक. कीड लागलेला दाणा आईंच्या बोटांना न बघता कळतो. किलोभर शेंगांतून जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात, आणि त्यातले मूठभर सोलता सोलताच संपतात. हरभऱ्याच्या घाट्यांनी तर बोटं आंबट होतात, ती चाटायलाही चांगली लागतात.

"आजचे आजच शिजव गं," आई दर वर्षी सांगतात. त्याला कारण आहे. शेंग तोडली की दाण्यातली साखर पिठूळ होत जाते, दुसऱ्या दिवशी तोच दाणा बेचव लागतो. सोललेले दाणे पिशवीत मिळतात, मी घेत नाही. ते कधी सोललेत कोण जाणे.

आमच्याकडं मटण-मासे वर्ज्य नाहीत. रविवारी रस्सा व्हायचाच. पण या दिवसांत आठवडेच्या आठवडे तो होत नाही, आणि कुणी विचारतही नाही. त्याग वगैरे काही नाही यात. दाणे आहेत, पापडी आहे, मेथी आहे, ओली हळद आहे. ताट भरलेलं असतं. भाजीला मटणासारखी चव आणायचा खटाटोप मला पटत नाही. ताज्या पापडीला कुणासारखं व्हायची गरज नाही.

भाजी अशी केली. तेलात मोहरी, हिंग, हळद. आधी शेंगदाणे, तुरीचे दाणे नि हरभरे, कारण त्यांना वेळ लागतो. मग पापडी, गाजर, उसाचे करवे, शेवटी वांगी. पाणी बेतानं, झाकणावरही पाणी. भाजलेल्या तिळाचं नि सुक्या खोबऱ्याचं कूट, गोडा मसाला, चिंच, गुळाचा खडा. बोरं अगदी उतरवताना. लसूण मी भोगीला घालत नाही; हरभऱ्याचा वास त्याच्यापुढं टिकत नाही. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापले, वर लोण्याचा गोळा. धाकट्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. ऊस चोखत तो बराच वेळ ताटावर बसून होता.

संध्याकाळी शेजारच्या बेन कठड्यावरून म्हणाल्या, "काले रतालु तमारुं, पापडी मारी." म्हणजे उद्या कंद तुमचा, पापडी माझी. दोन्ही घरांचं उंधियुं, म्हणजे गुजराती मिसळभाजी, एकाच पातेल्यात. ऊंधुं म्हणजे उलटं. मूळची पद्धत मडकं उलटं ठेवून वर जाळ करायची, आम्ही गॅसवरच करतो. मुठियां, म्हणजे मेथीचे मुटके, त्या करणार, त्यांच्या हातची मेथी कडू होत नाही. आज घेतलेला हिरवा लसूण उद्या कामी येईल. त्यातला निम्मा मी कच्चाच, शेवटी वरून घालणार. शिजवला की त्याचा तिखटपणा जातो. बेनना सगळा वाटणात हवा असतो. यावर आमचं दर वर्षी बोलणं होतं आणि दर वर्षी निम्मा-निम्मा होतो.

बघायला गेलं तर आजच्या नि उद्याच्या पातेल्यात निम्म्या भाज्या त्याच. तीळकूट पडलं की साताऱ्याचं माझं माहेर, ओवा नि हिरवा लसूण पडला की हे घर. मला दोन्ही हवं असतं, लागोपाठच्या दोन दिवशी.

कंद धुऊन पाटीत ठेवलाय. साल सकाळी काढेन, हाताला तेल लावून, नाहीतर खाज सुटते. आईंनी आत्ताच विचारलं, ओवा आहे ना घरात. आहे.