रित्तोच्या दिवसांत कानाझावा

जपानी पंचांगात रित्तो, म्हणजे हिवाळ्याचा आरंभ, ७ किंवा ८ नोव्हेंबरला येतो. सूर्य आपल्या वर्षभराच्या वाटेवर वसंतसंपातापासून २२५ अंशांवर पोचला की रित्तो, असा सरळ सौर हिशेब. त्यामुळे तो दिवाळीसारखा पुढेमागे होत नाही आणि तिकिटं खुशाल आधी काढता येतात. मात्र त्या दिवशी तोक्यो-क्योतोत थंडी शोधावी लागते, मेपलचा रंग तर अजून चढायचा असतो. म्हणून आम्ही जपानी समुद्राकाठचं कानाझावा शहर सुचवतो. इथे बर्फाआधीची तयारीच बघायला मिळते.

केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरला 'युकित्सुरी', म्हणजे बर्फाच्या भारापासून वाचवण्यासाठी फांद्या दोरांनी बांधणं, सुरू होते. जपानी समुद्रावरून येणारा इथला बर्फ ओला आणि जड असतो. पाइनच्या आडव्या फांद्या त्या भाराने मोडतात. म्हणून झाडाशेजारी उंच खांब उभारतात, माळी टोकाशी चढून गवती दोर खाली सोडतो आणि खालचे लोक एकेक दोर फांदीला बांधतात. दोर सैल राहिला तर फांदीचा भार झेलणार कसा? आणि फार ओढला तर फांदीच दुखावते. सुरुवातीचा मान कारासाकी पाइनचा: पाच खांब, सुमारे ८०० दोर. बुटक्या झुडपांना खांब लागत नाही, त्यांना नुसतं आवळून बांधतात. काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं. दोरांचे तयार शंकू फोटोत सगळेच बघतात; आमच्या मते बांधणी बघण्यातच खरी मजा आहे, तेव्हा सकाळीच जा. तिकीट ३२० येन. नोव्हेंबरच्या मध्यात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पाचला बाग बंद होते, त्यामुळे चारला पोचणाऱ्यांच्या हाती फारसं लागत नाही.

रित्तोचे पंधरा दिवस पुन्हा पाच-पाच दिवसांच्या तीन तुकड्यांत वाटलेले आहेत: 'त्सुबाकी (कॅमेलिया) फुलू लागते', 'जमीन गोठू लागते', 'किन्सेन्का (इथे नर्गिस) फुलते'. यातली त्सुबाकी प्रत्यक्षात तिच्याच जातकुळीतली साझान्का समजतात. ओळखायचं तर झाडाखाली बघा. पाकळ्या सुट्या विखुरलेल्या असतील तर साझान्का. अख्खं फूल गळून पडलं असेल तर त्सुबाकी.

छत्री हवीच. जेवणाचा डबा विसरलास तरी छत्री विसरू नकोस, अशी इथली म्हणच आहे. घडीची नको, वाऱ्याने उलटते.

ओमिचो बाजारात ६ नोव्हेंबरपासून खेकड्यांचा हंगाम असतो. मोठा नर महाग. छोटी मादी, 'कोबाको', अंड्यांसकट खातात. तिची पकड डिसेंबरअखेर थांबते, नराची मार्चपर्यंत चालते. शाकाहारी मंडळींनी ओदेनच्या, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या पदार्थांच्या, दुकानात आधी विचारावं: मुळा, तोफू दिसायला निरुपद्रवी, पण रस्सा बहुधा माशांचाच असतो.

तोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास. ओसाका-क्योतोकडून येणाऱ्यांना मार्च २०२४ पासून त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. बॅगा मोठ्या असतील तर हे आधीच लक्षात घ्या.