बोटांवरचे बारा ठोके

तिनं गोल्फच्या बॅगेतून क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, काढला की माझं मोजणं सुरू होतं. बॅगेच्या पट्ट्यावर तर्जनीचा एकेक ठोका. क्लब हातात येण्यापासून चेंडू उडेपर्यंत बारा ठोके, म्हणजे साधारण बारा सेकंद. चेंडूमागे उभं राहणं, एक हलका सराव-स्विंग, एक श्वास, दोनदा लक्ष्याकडे नजर, फटका. नियमांची शिफारस आहे की फटक्याला 40 सेकंदांहून जास्त लावू नयेत, त्यामुळे बारा म्हणजे आरामात. मी तिचा कॅडी आहे, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस. अंतर सांगणं, वारा बघणं, बंकरमधली वाळू सारखी करणं ही माझी कामं. मोजणं हा माझा खासगी उद्योग, तिलाही ठाऊक नसलेला.

का मोजतो? दडपणाखाली स्विंग, म्हणजे क्लब मागे नेऊन फिरवणं, बिघडतो असं सगळे म्हणतात. पण एवढ्या वर्षांत मी पाहिलंय की आधी बिघडतं ते स्विंगच्या अगोदरचं. क्लब मागे न्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात तो खाली येतो, जेमतेम पाव सेकंदात. चेंडू आणि क्लबची गाठ अर्ध्या मिलिसेकंदाची. खाली येताना चूक कळली तरी हातांना सांगायला वेळच उरत नाही. जे काही ठरतं ते उभं राहता राहता ठरतं.

1970 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत सेंट अँड्र्यूजला शेवटच्या होलवर डग सँडर्स या खेळाडूपुढे जेमतेम तीन फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका, होता. तो गेला की ओपन त्याची. चेंडूच्या वाटेवर त्याला काहीतरी दिसलं. पाय होते तसेच ठेवून तो वाकला, परत सरळ झाला आणि तिथूनच मारलं. चेंडू उजवीकडून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडायला झालेल्या प्लेऑफमध्ये जॅक निकलसनं त्याला एका फटक्यानं हरवलं. मला वाटतं, तो नुसता मागे सरकून पहिल्यापासून उभा राहिला असता तर कदाचित... जाऊ दे. दडपणाचा विषय निघाला की लोक त्याच्याऐवजी 1999 च्या कार्नुस्टीमधल्या ओपनचं, ज्याँ व्हॅन द वेल्डचं उदाहरण देतात. पण तिथं गडबड कुठला फटका मारायचा या निवडीची होती. ओढ्यापाशी बूट काढून पाण्यात उभा राहिलेला तो सगळ्यांना आठवतो. त्यानंतर सातवा फटका असलेला पट त्यानं बिनचूक घातला, म्हणून निदान प्लेऑफ तरी मिळाला, हे कुणी सांगत नाही.

तर त्या दिवशी. शेवटची फेरी, आम्ही एका फटक्यानं पुढे. पंधराव्या होलपर्यंत बारा, बारा, बारा. सोळाव्याला चौदा झाले. सतराव्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथं, सतरा. माझ्या पोटात खड्डा पडला. पोरगी अडकतेय, नको तो विचार करतेय.

अठराव्यावर, शेवटच्या होलवर, तिचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, फेअरवेच्या कापलेल्या गवतावर मधोमध पडला. होलभोवतीच्या ग्रीनपर्यंत 148 यार्ड, वारा किंचित समोरून. खेळाडूला सल्ला देता येणाऱ्या मोजक्या माणसांत कॅडी येतो, आणि तो हक्क मी नेमका तेव्हा वापरला.

"जास्त वेळ घेतेयस. थोडी लवकर मार."

तिनं माझ्याकडे बघितलं. "खरंच, दादा?"

"हो."

सात नंबरची आयर्न तिनं काढली. मी बाजूला झालो. 2019 पासून खेळाडू पाय लावायला लागली की कॅडीनं तिच्या रेषेत मागे उभं राहायचं नाही. ठोके सुरू. लक्ष्याकडे एकदाच नजर. बरोबर बाराव्या ठोक्याला फटका. मी खूश!

वरून खाली येताना कंबर पार पुढे निघून गेली आणि हात मागे राहिले. क्लबचं तोंड उघडंच राहिलं. चेंडू सरळ उजवीकडे, बंकरमध्ये. तिथून तिनं सुरेख काढला, पण आठ फुटांचा पट होलच्या कडेवरून फिरून गेला. बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त, मग प्लेऑफ, आणि पहिल्याच होलवर हार. त्यातलं फारसं आठवत नाही.

रात्री तिनं प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग लावलं. मी मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन बसलो, कारण मला दाखवून द्यायचं होतं की ती कुठून मंदावली. सोळावा होल : बारा सेकंद. पुन्हा लावायला सांगितलं. बारा. सतराव्याची टी : बारा. अठराव्याचा दुसरा फटका : आठ.

मी गप्प. तिला काही विचारायचं होतं, पण तिनं विचारलं नाही. तिनं सतराव्याचं चित्र परत मागे नेलं. कॅमेरा तिच्यावर होता, चौकटीच्या डाव्या कडेला माझा अर्धा खांदा आणि पट्ट्यावरचा हात.

"दादा, तुमचं बोट बघा," ती म्हणाली, आणि हसायला लागली. "तबला वाजवताय का?"

बोट थडथड नाचत होतं. मग तिनं चौथ्या होलचं चित्र लावलं. तिथं तेच बोट निवांत, एकेक ठोका टाकत होतं.

"मोजता काय तुम्ही?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग टीव्ही बंद करत म्हणाली, "पुढच्या वेळी बॅग दुसऱ्या खांद्यावर घ्या. आणि हात खिशात."