तुम्ही विचारलंत म्हणून : सेमिनरीत पुढारी घडतो का?

मी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घडवणाऱ्या एका कॉलेजात, म्हणजे सेमिनरीत, 'पाळकीय सेवा' हा विषय शिकवते. ओळख करून देताना एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, विचारणाऱ्याप्रमाणे शब्द तेवढे बदलतात. मंडळीतले, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, वडीलधारे म्हणतात, "बाई, चार-पाच वर्षं पुस्तकं वाचून कुणाला मंडळी सांभाळता येते का?" मुलाला पाठवायला निघालेले आईवडील म्हणतात, "पोरगा फार बुजरा आहे, तुमच्याकडे आला की पुढारी होईल ना?" आणि आमच्या इमारतीतले शेजारी अगदी मनापासून विचारतात, "तिथे बायबलशिवाय आणखी काय शिकवतात?"

पुढारीपण शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे. ते शिकताना मी माणसं पाहिली आहेत. मात्र लोकांना वाटतं त्या जागी, म्हणजे उपदेशाच्या वर्गात मायक्रोफोनसमोर, ते क्वचितच हाती लागतं. आपलं काम चारचौघांनी तपासावं, आपण ते बसून ऐकावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच चारचौघांबरोबर पुन्हा कामाला लागावं, ही सवय जिथे अंगवळणी पडते तिथे ते येतं.

शेजाऱ्यांचं उत्तर आधी देते, ते थोडक्यात होण्यासारखं आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरला केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली कॉलेज काढलं. ते गाव तेव्हा डॅनिश अमलाखाली होतं, आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्या कॉलेजाला पदव्या देण्याची सनद दिली. आजही देशभरातल्या कितीतरी प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांमधले विद्यार्थी त्याच श्रीरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी घेतात. अभ्यासात जुना करार, नवा करार, हिब्रू किंवा ग्रीक, ईश्वरविज्ञान, मंडळीचा इतिहास हे तर असतंच. त्याशिवाय हिंदू, इस्लाम आणि इतर धर्मांचा अभ्यास असतो, आणि समाजाचाही. महाराष्ट्रात शिकणाऱ्याने तुकोबा वाचले नाहीत तर त्याला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही कळायचे नाहीत. पुण्यात अशा संस्था जुन्या आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यात बिबवेवाडीला आली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून नगर रस्त्यावर आली. म्हणजे बायबल आहेच, पण ते ज्या माणसांमध्ये उघडायचं त्या माणसांचाही अभ्यास आहे.

आता खरा प्रश्न.

आमच्याकडे विद्यार्थ्यांना काही काळ मिशनच्या दवाखान्यात पाठवतात. रुग्णाच्या खाटेशी जाऊन बसायचं, बोलायचं, परत येऊन ते संभाषण आठवेल तसं शब्द न शब्द लिहून काढायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, तो गप्प झाला तेव्हा मी काय केलं. याला आम्ही 'व्हर्बेटिम' म्हणतो. पुढच्या बैठकीत तो कागद सहा-सात सोबत्यांसमोर वाचायचा, आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. पाळक होणाऱ्यांना असं रुग्णांमध्ये पाठवून शिकवण्याची पद्धत १९२५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन या पाळकाने सुरू केली. बॉइसन स्वतः मनोरुग्ण म्हणून इस्पितळात राहून आला होता. खाटेवरच्या माणसाला काय हवं असतं हे त्याला खाटेवरूनच कळलेलं होतं, आणि म्हणून त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं की पुस्तकं वाचता तशी जिवंत माणसं वाचायला शिका.

कागद वाचला जातो तेव्हा काय होतं ते सांगते. वर्गातला सगळ्यात चांगला वक्ता घ्या. गळा गोड, वचनं तोंडपाठ. तो मधुमेहामुळे पायाचा अंगठा काढावा लागणाऱ्या एका वयस्कर शेतकऱ्याजवळ बसला. शेतकरी म्हणाला, "पोरगा येणार होता, आला न्हाई." आमचा वक्ता म्हणाला, "काका, काळजी करू नका, देव आहे ना," आणि तेविसावं स्तोत्र म्हणून, प्रार्थना करून उठला. कागदावर हे सगळं व्यवस्थित उतरलेलं असतं. तो वाचून संपवतो. मग एखादी मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती विचारते, "पोरगा का आला नाही, हे तू विचारलंस का?"

तो नाही म्हणतो. मग दुसरा विचारतो, "प्रार्थना कुणाला हवी होती? काकांना, की तुला तिथून निघायचं होतं म्हणून?"

असा प्रश्न ऐकून घेणं सोपं नाही. काहीजण वाद घालतात. काहीजण दोन-तीन दिवस जेवायच्या टेबलावर वेगळे बसतात. पण आठवड्याने पुन्हा त्याच वॉर्डात जायचं असतं आणि पुन्हा कागद लिहायचा असतो. काही महिन्यांनी त्यांचे कागद पाहावेत. विद्यार्थ्याच्या वाक्यांच्या ओळी आखूड झालेल्या असतात, रुग्णाच्या लांबलेल्या असतात. 'मी गप्प राहिलो' असं लिहिलेलं आढळायला लागतं. प्रार्थना असते, पण ती त्या माणसाने सांगितलेल्या गोष्टीबद्दल असते: मुलाबद्दल, कर्जाबद्दल, गावाकडे बांधलेल्या म्हशीबद्दल. माझ्या विषयात वाढ म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवीन.

आणि ज्या मुलीने तो पहिला प्रश्न विचारला, तीही त्याच वेळी काही शिकत असते. सोबत्याला न दुखवता, पण गुळमुळीत न बोलता, खरं कसं सांगायचं हे ती शिकते. पुढे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीच्या बैठकीत खजिनदाराला जमाखर्च विचारायचा प्रसंग येतो तेव्हा हेच कामी येतं. मंडळ्यांमधली कितीतरी भांडणं मी पाहिली आहेत जी वेळेवर एक सरळ प्रश्न विचारला असता तर कोर्टापर्यंत गेली नसती.

दवाखान्याइतकीच महत्त्वाची दुसरी जागा म्हणजे मेस. ऐकणाऱ्याला हे किरकोळ वाटतं, मला मुळीच वाटत नाही. आमच्याकडे मिझोरम, नागालँड, केरळ, ओडिशा, विदर्भ, मराठवाडा इथली मुलंमुली एका पंक्तीला बसतात. कुणाला तिन्ही त्रिकाळ भात हवा, कुणाला भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही, कुणाला तिखट सोसत नाही. मेस सेक्रेटरी विद्यार्थ्यांतलाच असतो. ठरलेल्या पैशांत महिना काढायचा, पहाटे मार्केट यार्डात जाऊन भाजी आणायची, स्वयंपाकघरातल्या मावशींशी नीट बोलायचं, नोटीस बोर्डावर हिशोब लावायचा, आणि सगळ्यांची नाराजी सगळ्यांसमोर ऐकायची. ग्रीकमध्ये पहिला आलेला विद्यार्थी या कामात टिकतो की नाही, हे मी लक्ष देऊन पाहते. मावशींशी एकेरीत, चढ्या आवाजात बोलणारा मुलगा उद्या मंडळीतल्या गरीब विधवेशी कसा बोलेल हे मला तिथेच कळतं, आणि मी ते त्याला बोलावून सांगते.

नवा करार शिकवताना पुढारीपणाच्या धड्यासाठी बहुतेक जण पौलाकडे जातात. मी त्याचा सोबती बर्णबा याच्याकडे जाते. प्रेषितांची कृत्ये वाचा. यरुशलेमेतले शिष्य शौलाला, म्हणजे ज्याला पुढे पौल म्हणू लागले त्याला, घाबरून जवळ करत नव्हते तेव्हा बर्णबाने त्याला हाताला धरून आत आणलं. अंत्युखियात काम वाढलं तेव्हा ते एकट्याने मिरवायचं सोडून तो तार्सास गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. सुरुवातीला मजकुरात 'बर्णबा व शौल' असा क्रम आहे. तेराव्या अध्यायात तो उलटतो आणि पुढे बहुतेक ठिकाणी 'पौल व बर्णबा' असंच येतं. ज्याला आपण आणलं त्याचं नाव आपल्या आधी लागलं, तरी बर्णबाने त्याबद्दल तक्रार केल्याचा एक शब्द हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने नोंदवलेला नाही. पुढे त्यांच्या सोबत निघालेला योहान मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार नव्हता. दोघांचा कडाक्याचा वाद झाला, ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात मार्कावर कष्ट कुणी घेतले असतील? माझ्या मते बर्णबानेच. परीक्षेत नापास झालेल्या किंवा पहिल्याच नेमणुकीवरून पळून आलेल्या विद्यार्थ्याचं काय करायचं हा विषय आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये येतो, तेव्हा मी दर वेळी बर्णबाची बाजू घेते.

आपल्याकडे हा धडा गिरवायला फार लांब जावं लागत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी जे केलं त्याकडे लोक अनाथांची सोय म्हणून पाहतात. मला ते शिक्षणाचं फार मोठं काम वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या. त्यांना लिहाय-वाचायला शिकवलं, हातांना कामं शिकवली, छापखाना काढला. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि त्याच्या छपाईचे खिळे त्यांच्या 'मुक्ती' मिशनमधल्या बायका जुळवत होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. जिला काही वर्षांपूर्वी स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं ती बाई देववचनाची पानं जुळवते, याहून मोठा निकाल कुठल्या कॉलेजाने लावला आहे?

रेव्हरंड टिळकांची गोष्ट यापेक्षा अवघड आहे आणि मी ती मुद्दाम शिकवते. अहमदनगरला राहून त्यांनी पाळक होणाऱ्यांना शिकवलं, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात लिहिलं, आपण आजही उपासनेत गातो ती पदं रचली. १९१७ साली मात्र त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, कारण त्यांना इथल्या मातीतलं, मिशनच्या पगारावर न चालणारं ख्रिस्तानुसरण हवं होतं. मिशनने त्या पिढीला शिकवलं खूप, पण पैशाचे आणि नेमणुकांचे निर्णय फार काळ स्वतःकडे ठेवले. माणसाला ज्ञान दिलं आणि निर्णय दिला नाही तर तो एका टप्प्यावर अडतो, हे आम्हा शिक्षकांना कायम लक्षात ठेवावं लागतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, वेगवेगळ्या मिशनांतून वाढलेल्या मंडळ्या एक झाल्या. निर्णय आता आपल्याच हातात आहेत. म्हणजे ते पुढच्यांच्या हाती देण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

इथे एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे. आमच्या वर्गांत मुली आहेत. त्या हिब्रू शिकतात, व्हर्बेटिम लिहितात, मेस चालवतात, उपदेश करतात, आणि त्यांतल्या कितीतरी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा मिळते, नियमाची अडचण नाही. तरी पदवी घेऊन त्या गावी गेल्या की त्यांना विचारलं जातं, "लग्न कुठल्या पाळकाशी ठरलं?" मंडळीला पाळकीणबाई हव्या असतात. त्यांनी संडे स्कूल घ्यावं, महिला मंडळ चालवावं, आजाऱ्यांना भेटावं आणि वेदीपाशी उभं राहू नये. ज्या समाजात रमाबाईंचं नाव आदराने घेतलं जातं त्या समाजाला हे शोभत नाही. वडीलधाऱ्यांनो, तुम्ही मला पुढारी घडतो का विचारता. घडलेली पुढारी तुमच्या तिसऱ्या बाकावर बसलेली असते, तिला एका रविवारी उपदेश द्यायला सांगा आणि पुढच्याही रविवारी सांगा.

बुजऱ्या मुलाच्या आईवडिलांना माझं सांगणं वेगळं आहे. बुजरेपणाची चिंता करू नका. माझ्या अनुभवात बुजरी मुलं खाटेशी बसून छान ऐकतात. पाठवण्याआधी त्याला वर्षभर मंडळीत एखादं काम द्या. लहान मुलांचा वर्ग, देवळाच्या किल्ल्या, नाताळच्या जेवणाचा हिशोब, काहीही चालेल. मग मंडळीकडून शिफारसपत्र घ्या. कॉलेजला ते लागतंच, आणि बहुतेक पत्रांत 'आज्ञाधारक आहे, गातो छान, प्रार्थनाशील आहे' एवढंच असतं. त्यापेक्षा कमिटीने हे लिहावं: दिलेलं काम त्याने शेवटपर्यंत नेलं का, हिशोब वेळेवर दिला का, कुणी चूक दाखवली तेव्हा तो काय बोलला, आणि लहान मुलं त्याच्याजवळ येतात का. असं पत्र हातात आलं की त्या मुलाला पहिल्या वर्षी कुठल्या वॉर्डात पाठवायचं आणि कुणाबरोबर, हे ठरवणं मला सोपं जातं.